टर्बो गाडीची ताकद वाढवायची आहे? ऑक्टाव्हिया आरएस २३० च्या नव्या मालकांसाठी क्रमवार मार्गदर्शन

स्कोडाने ऑगस्ट २०१७ मध्ये भारतात आणलेली ऑक्टाव्हिया आरएस ही बाहेरून पाहिली तर एक घरगुती सेदान वाटते. तिच्या बॉनेटखाली मात्र दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, २३० अश्वशक्ती आणि ३५० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) आहे, आणि ही सगळी ताकद सहा गिअरच्या डीएसजी या दुहेरी क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्समधून फक्त पुढच्या दोन चाकांवर उतरते. पुढे २०२० मध्ये २४५ अश्वशक्तीची आरएस आली, पण ती फक्त २०० गाड्यांपुरती. त्यामुळे वेगवान टर्बो गाडी हौसेने पाळू इच्छिणाऱ्या अनेकांची पहिली गाडी आजही जुन्या बाजारातून घेतलेली आरएस २३० असते, आणि गाडी नावावर होते ना होते तोच पुढचा प्रश्न येतो, की रीमॅप (इंजिनाचे सॉफ्टवेअर, म्हणजे ‘मॅप’, बदलून ताकद वाढवणे) कुठे करायचा.

मीही पुण्यात वापरलेली आरएस घेतली आणि तिसऱ्याच आठवड्यात रीमॅप करून मोकळी झाले. त्यानंतरचे दीड वर्ष, जे काम आधी करायला हवे होते ते मागाहून, दुप्पट खर्चाने आणि निम्म्या आनंदाने करण्यात गेले. आधी गाडीची प्रकृती, मग थांबण्याची आणि रस्ता पकडण्याची क्षमता, मग इंधन आणि उष्णता, आणि या सगळ्यानंतर ताकद, असा क्रम ठेवला तर ही गाडी अतिशय समाधान देते. खालचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. इंजिनाची तत्त्वे याच घराण्यातल्या, म्हणजे फोक्सवॅगन समूहाच्या, इतर टर्बो पेट्रोल गाड्यांनाही लागू पडतील, परंतु आकडे आणि दुखणी मी माझ्या गाडीवर पाहिलेली आहेत.

१. कायदा आणि विमा : पाकीट उघडण्यापूर्वी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी बुकातील नोंदी विसंगत ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. दंड गाडीमागे नसून बदलामागे मोजला जातो, हे विशेष लक्षात घ्या.

सीएनजी किट किंवा दिव्यांग चालकांसाठीचे बदल यांना परवानगीची ठरलेली वाट आहे. ताकद वाढवणाऱ्या रीमॅपसाठी तशी वाट मला आरटीओच्या कोणत्याही खिडकीवर सापडली नाही. म्हणून मी रस्त्यावर गाडी मूळ मॅपवर चालवते आणि वाढीव मॅप चेन्नईजवळच्या किंवा कोइमतूरच्या शर्यतीच्या ट्रॅकवर गेल्यावरच घालते. तुम्ही हेच करावे असा माझा आग्रह आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागातसुद्धा मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे आणि तिथे मूळ २३० अश्वशक्तीदेखील पुरून उरते.

विम्याच्या बाबतीत दोन गोष्टी नीट वाचा. पहिली, खाजगी मोटारीच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ या शीर्षकाखाली शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर गाडी भिंतीला लागली तर तो खर्च पूर्णपणे तुमचा. दुसरी, केलेला बदल विमा कंपनीला लेखी कळवला नाही, तर अपघाताचा त्या बदलाशी संबंध नसतानाही दाव्याच्या वेळी तोच मुद्दा पुढे येऊ शकतो. ईमेल करा, उत्तराची प्रत जपा.

हाताशी असू द्यावीत अशी कागदपत्रे : आरसी, चालू विमा पॉलिसी आणि तिची संपूर्ण अटींची पुस्तिका, पीयूसी, सर्व्हिसचा आजवरचा इतिहास (विशेषतः डीएसजी तेलबदलाची पावती), लावलेल्या प्रत्येक भागाचे बिल, आणि काढून ठेवलेल्या मूळ भागांची यादी. मूळ भाग विकू नका. ते कापडात गुंडाळून, नाव लिहून ठेवा. गाडी विकताना नवा मालक पहिल्यांदा तेच विचारतो.

हत्यारे : टॉर्क रेंच (या गाडीच्या चाकांचे बोल्ट १२० न्यूटन-मीटरला आवळायचे असतात, अंदाजाने नव्हे), ओबीडी (निदानासाठीच्या) जोडणीतून इंजिनाचे लॉग, म्हणजे क्षणाक्षणाच्या नोंदी, घेणारी केबल किंवा डोंगल, टायरच्या हवेचा खात्रीचा मापक, बॅटरीला आधार देणारा चार्जर, आणि एक चांगला टॉर्च. शेवटची वस्तू क्षुल्लक वाटेल, पण गळती शोधताना तिच्याइतके उपयोगी काहीच नाही.

२. गाडीची प्रकृती तपासा

टर्बो इंजिनात रीमॅप म्हणजे मूलतः अधिक हवेचा दाब, त्याला पुरेसे इंधन आणि त्यानुसार बदललेले ठिणगीचे टायमिंग. ज्या भागांत आधीपासून थोडी कमजोरी आहे ते मूळ दाबावर वर्षानुवर्षे निभावून नेतात आणि दाब वाढला की महिन्याभरात मान टाकतात. माझ्या गाडीचे हेच झाले.

पहिले पाहायचे ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव. या इंजिनाचा पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट यांचे घर प्लास्टिकचे आहे आणि तिथून गळती होणे हे या घराण्याचे ओळखीचे दुखणे आहे. गंमत अशी की गळणारे कूलंट गरम धातूवर पडून वाळते, त्यामुळे गाडीखाली डबके दिसत नाही. टॉर्च घेऊन वरून इनटेकच्या (हवा आत नेणाऱ्या भागाच्या) खालच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या माथ्याकडे पाहा. तिथे गुलाबीसर, मिठासारखी खरपुडी दिसली तर गळती आहे. कूलंटच्या टाकीवर थंड गाडीत पट्टीने रेघ मारून ठेवा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा पाहा. माझ्या गाडीत पातळी पंधरा दिवसांत बोटभर उतरली होती आणि आधीच्या मालकाने ती फक्त वरचेवर भरली होती.

दुसरे, डीएसजी. सहा गिअरच्या ओल्या क्लचच्या या डीएसजीचे तेल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदलायचे असतात. पावती नसेल तर झाले नाही असेच धरा. सिंहगड रोडच्या संध्याकाळच्या गर्दीत गाडी अर्धा तास चालवून पाहा. पहिल्या गिअरमध्ये सरकताना थरथर जाणवली, किंवा दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना धक्का बसला, तर आधी तिकडे लक्ष द्या.

तिसरे, स्पार्क प्लग आणि कॉइल. प्लग चारही काढून एका ओळीत, सिलिंडरच्या क्रमाने ठेवा. चौघांचा रंग सारखा हवा. एखादा काळा-ओला असेल तर त्या सिलिंडरचे कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. रीमॅपनंतर प्लगची फट थोडी कमी ठेवावी लागते, कारण वाढलेल्या दाबात ठिणगी विझू शकते. आकडा ट्यूनरकडून (रीमॅप करणाऱ्याकडून) लेखी घ्या.

चौथे, इंजिन ऑइल. थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडणाऱ्या टर्बो इंजिनात कमी आरपीएमला ॲक्सिलरेटरवर जोरात पाय दिला, तर मिश्रण ठिणगीआधीच पेट घेण्याचा धोका असतो आणि अशा एका स्फोटात पिस्टनची कड तुटू शकते. त्यामुळे मॅन्युअलमध्ये दिलेल्या फोक्सवॅगन मानकाचेच ऑइल वापरा आणि बदलाचे अंतर अर्ध्यावर आणा. पाचव्या किंवा सहाव्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमवर पूर्ण पाय देण्याची सवय असेल तर ती आजच सोडा; गिअर खाली घ्या, मग पाय द्या.

३. मूळ अवस्थेत मोजून ठेवा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि पुढे रीमॅपने नेमके काय दिले हे त्यांना कधीच कळत नाही. एकही भाग बदलण्याआधी गाडी डायनोवर नेऊन मूळ ताकद मोजा आणि लॉग जपून ठेवा. डायनो चाकांवरची ताकद मोजतो, त्यामुळे कागदावरच्या २३० पेक्षा आकडा कमीच येईल. माझ्या गाडीचा १९८ आला. त्याने खट्टू होऊ नका. वेगवेगळ्या डायनोंचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो. त्याच डायनोवर, शक्यतो तशाच हवामानात, आधी आणि नंतर मोजलेले दोन आकडे मात्र खरे बोलतात.

४. टायर आणि ब्रेक

पुढच्या दोन चाकांवर ४०० न्यूटन-मीटरच्या पुढचा टॉर्क टाकला, तर पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये चाके जागेवर फिरतात, ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा मिचमिचत राहतो आणि पैसे देऊन घेतलेली ताकद धुरात जाते. म्हणून पहिला खर्च टायरवर करा. टायरच्या बाजूवर चार अंकांचा शिक्का असतो. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा वर्षांचे रबर दगडासारखे कडक झालेले असते. माप मात्र उत्पादकाने मान्य केलेलेच ठेवा. मोठ्या रिमचा मोह इथे महागात पडतो : आरएस मुळातच जमिनीला टेकलेली आहे, आणि आपल्या गतिरोधकांवर आणि खड्ड्यांत पातळ टायरचे रिम वाकते.

ब्रेकमध्ये सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे ब्रेक ऑइल. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. हवेतला ओलावा शोषून तेच ऑइल १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईत उतरताना ब्रेक पॅडल मऊ होऊन खाली जाऊ लागले, तर ते उकळलेले ऑइल आहे. ऑइल दोन वर्षांनी बदलायचेच असते, ट्रॅकवर जाणार असाल तर प्रत्येक मोहिमेआधी बदला. पॅड थोडे वरच्या प्रतीचे घ्या, पण केवळ शर्यतीसाठीचे पॅड रस्त्यावर लावू नका. ते थंड असताना पकडत नाहीत आणि सोसायटीच्या गेटातच तुम्हाला घाबरवतील.

इंजिन आणि गिअरबॉक्सला खालून धरून ठेवणाऱ्या हाडाच्या आकाराच्या माउंटमध्ये रबरी किंवा पॉलियुरेथेनचा भराव बसवणे हे याच टप्प्यातले छोटे काम. गाडी सुटताना पुढचा भाग उसळण्याचे प्रमाण स्पष्ट कमी होते. थांबलेल्या गाडीत थोडी थरथर वाढते, ती सोसावी लागते.

५. इंधन : रीमॅपची खरी मर्यादा

टर्बो इंजिनातून किती ताकद काढता येईल हे शेवटी इंधनाच्या ऑक्टेनवर, म्हणजे अवेळी पेट न घेण्याच्या क्षमतेवर, येऊन थांबते. दाब वाढला की मिश्रणाचे तापमान वाढते, तापलेले उरलेले मिश्रण ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेटते आणि त्यालाच आपण नॉकिंग म्हणतो. इंजिनावरचे सेन्सर ती खडखड ऐकतात आणि कंट्रोल युनिट (इंजिनाचा संगणक) ठिणगी उशिरा पाडून इंजिनाला वाचवते. ताकद तिथेच कमी होते.

कोणत्या ऑक्टेनवर मॅप हवा, हा प्रश्न ट्यूनर तुम्हाला विचारेलच. इंडियन ऑइलचे १०० ऑक्टेनचे पेट्रोल डिसेंबर २०२० पासून पुण्यात मिळू लागले आणि मोह होतो तो त्याच्यावरचा मॅप घेण्याचा. विचार करा : गाडी घेऊन तुम्ही गणपतीत कोकणात उतरलात, टाकी चिपळूणला रिकामी झाली, आणि तिथल्या पंपावर ते पेट्रोल नाही. मूळ मॅपवर परत जाण्याची सोय नसेल, तर त्या टाकीभर प्रवासात इंजिन सतत स्वतःला आवरत राहते, आणि आवरण्यालाही मर्यादा असते. ९५ ऑक्टेनवर बसवलेला, थोडा मवाळ मॅप घ्या. कागदावर पंधरा-वीस अश्वशक्ती कमी दिसतील, पण गाडी प्रत्येक गावी तुमची राहील.

इथे ई२० चा, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा, मुद्दा टाळता येत नाही. इथेनॉलचा ऑक्टेन चांगला असतो, त्यामुळे नॉकिंगच्या दृष्टीने मिश्रण वाईट नाही. प्रमाण मात्र बदलते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इंधन जास्त सोडावे लागते. लिटरमागची ऊर्जाही इथेनॉलमध्ये सुमारे एक तृतीयांश कमी असल्याने, वीस टक्के मिश्रणात साधारण ६ ते ७ टक्के जादा इंधन जाते. तुमच्या लॉगमध्ये दीर्घकालीन फ्युएल ट्रिम (कंट्रोल युनिटने इंधनात केलेली टक्केवारीतली दुरुस्ती) अधिक ६ किंवा ७ दिसले, तर ती कदाचित गळती नसून ई२० असेल. परंतु पूर्ण पायावर इंधन फवारणारे इंजेक्टर आणि सुमारे २०० बारवर (बार हे दाबाचे एकक) चालणारा उच्चदाबाचा पंप आपल्या टोकाजवळ काम करत असताना हा जादा भार त्यांच्यावरच पडतो. म्हणून ट्यूनरला पहिल्याच भेटीत विचारा : हा मॅप ई२० वर लॉग घेऊन तपासला आहे का? ‘परदेशातून आलेली फाइल आहे, चालते सगळीकडे’ असे उत्तर मिळाले तर आभार मानून बाहेर पडा. २०१७ ची गाडी ई२० साठी खास बनवलेली नाही, त्यामुळे इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील दर सर्व्हिसला पाहून घ्या.

६. उष्णता आणि समुद्रसपाटीपासूनची उंची

टर्बो हवा दाबतो, आणि दाबलेली हवा तापते. ती थंड करण्यासाठी पुढे इंटरकूलर असतो. युरोपच्या हवेत पुरेसा ठरणारा मूळ इंटरकूलर आपल्या एप्रिल-मे मध्ये लवकर तापून जातो. मी ४० अंशांच्या दुपारी डायनोवर लागोपाठ तीन वेळा गाडी पूर्ण आरपीएमपर्यंत नेली, तेव्हा आत जाणाऱ्या हवेचे तापमान ४६ वरून ६९ अंशांवर गेले आणि तिसऱ्या खेपेला ताकद स्पष्ट घटली. मोठा इंटरकूलर बसवल्यावर त्याच चाचणीत आकडा ५३ पर्यंतच गेला. आपल्या हवामानात मी इंटरकूलरला रीमॅपच्या आधी स्थान देते. तो बसवताना रेडिएटरसमोरची प्लास्टिकची झडप-झाकणे परत पूर्ववत लावली जातात की नाही ते स्वतः पाहा, नाहीतर हवा इंटरकूलरच्या आजूबाजूने निघून जाते आणि खर्च वाया जातो.

उंचीचे गणित घाटावर राहणाऱ्यांसाठी महत्त्वाचे आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे आणि इथला हवेचा दाब मुंबईच्या १.०१ बारऐवजी सुमारे ०.९५ बार असतो. महाबळेश्वरला तो सुमारे ०.८६ पर्यंत उतरतो. मॅपने एकूण २.२ बार दाब मागितला, तर मुंबईत टर्बोला बाहेरची हवा सुमारे २.१७ पट दाबावी लागते, पुण्यात २.३ पट आणि महाबळेश्वरला अडीच पटींहून थोडी जास्त. म्हणजे तोच पाय, तोच गिअर, पण टर्बोची फिरकी अधिक वेगाने फिरते आणि हवा अधिक तापते. आरएसचा टर्बो फोक्सवॅगनच्या गोल्फ आर या गाडीवरच्या टर्बोपेक्षा आकाराने लहान आहे, त्यामुळे मुंबईत बसवलेला तीव्र मॅप इथे त्याला दमवतो. उंचीनुसार दाबाची मागणी कमी करणारी तरतूद मॅपमध्ये ठेवली आहे ना, हे विचारा.

७. रीमॅप

‘स्टेज वन’ म्हणजे मूळ यांत्रिक भागांवर केवळ सॉफ्टवेअर. या इंजिनाला त्यातून साधारण २९० ते ३०० अश्वशक्ती आणि ४०० न्यूटन-मीटरच्या वरचा टॉर्क मिळतो. ट्यूनर निवडताना आकड्यांपेक्षा त्याची पद्धत पाहा. मूळ फाइल वाचून तिची प्रत तुम्हाला देतो का? आधी आणि नंतर लॉग घेतो का? मूळ मॅपवर परत जाण्याची सोय देतो का, आणि त्यासाठी प्रत्येक वेळी पैसे घेतो का? चार वर्षांनी दुकान बंद झाले तर फाइल कोणाकडे राहील? ही उत्तरे लेखी घ्या.

सॉफ्टवेअर घालताना बॅटरीचा व्होल्टेज पडू देऊ नये. इग्निशन चालू, पंखे चालू, आणि अर्ध्यात बॅटरीने दम तोडला तर कंट्रोल युनिट निकामी होऊ शकते. चार्जर जोडल्याशिवाय कोणालाही सुरुवात करू देऊ नका. आपला चार्जर घेऊन जायला संकोच वाटू नये. फ्लॅश केल्याची (नवे सॉफ्टवेअर घातल्याची) खूण कंट्रोल युनिटमध्ये राहते आणि मूळ मॅप परत घातला तरी ती अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या तपासणीत दिसू शकते. वॉरंटी शिल्लक असलेल्यांनी हे समजून-उमजून ठरवावे.

गिअरबॉक्सचे सॉफ्टवेअर त्याच दिवशी करून घ्या. सहा गिअरच्या या डीएसजीची रचना सुमारे ३५० न्यूटन-मीटरच्या आसपासच्या टॉर्कसाठी आहे. इंजिनाचा टॉर्क वाढला आणि क्लचवरचा दाब तेवढाच राहिला, तर क्लच घसरतात, तापतात आणि त्यांची भुकटी तेलात मिसळून गिअरबॉक्सच्या आतल्या नाजूक झडपांत जाते. गिअरबॉक्सचा मॅप क्लचचा दाब वाढवतो. मी तो खर्च सहा महिने पुढे ढकलला होता; तेल बदलताना चुंबकावर आलेला करडा चिखल पाहिल्यावर त्याच आठवड्यात केला.

८. लॉग घ्या आणि स्वतः वाचा

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो, पण गाडीशी खरी ओळख इथेच होते. लॉग डायनोवर किंवा बंद ट्रॅकवरच घ्या. तिसरा गिअर मॅन्युअलमध्ये धरून २,००० पासून ६,५०० आरपीएमपर्यंत पूर्ण पायाने एकदाच जा. नोंदवायच्या गोष्टी : आरपीएम, मागितलेला आणि प्रत्यक्ष दाब, आत येणाऱ्या हवेचे तापमान, चारही सिलिंडरचे ठिणगी मागे घेण्याचे अंश, लॅम्डा (हवा आणि इंधन यांचे प्रमाण) आणि इंधनाचा दाब.

वाचताना पहिल्यांदा ठिणगीचे रकाने पाहा. एखाद्या सिलिंडरला क्षणभर उणे दीड-दोन अंश दिसले तर चिंता नको. दोन किंवा अधिक सिलिंडरना वरच्या आरपीएमला सतत उणे चार-पाच दिसू लागले, तर पाय काढा, इंधन तपासा आणि लॉग ट्यूनरला पाठवा. केवळ एकच सिलिंडर वेगळा वागत असेल तर मॅपआधी त्याचा प्लग आणि कॉइल बदलून पाहा. नंतर दाब : मागणी आणि प्रत्यक्ष यांच्या रेघा जवळपास एकमेकींवर बसल्या पाहिजेत.

त्या बसल्या नाहीत तर काय होते, ते मी खंडाळ्याच्या घाटात अनुभवले. इंटरकूलर बसवून चारच दिवस झाले होते आणि गाडी मूळ मॅपवर होती. चढावर एकदम फुस्स असा लांबलेला आवाज आला, ईपीसीचा (इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणातल्या बिघाडाचा) दिवा लागला आणि गाडी बैलगाडीसारखी ओढू लागली. कडेला घेऊन कोड वाचला तो पी०२९९, म्हणजे दाब अपुरा. पुण्यात परतून थ्रॉटल बॉडीकडे (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेकडे) जाणारा हवेचा पाइप काढला. आतली रबरी कडी एका जागी चिमटून अर्धचंद्रासारखी कापली गेली होती आणि तारेची क्लिप वरवर बसलेली दिसत असली तरी एका बाजूने खाचेत गेलेलीच नव्हती. ज्या गॅरेजने काम केले त्यांनी ती कडी कोरडीच ढकलली होती. नव्या कडीला सिलिकॉन ग्रीसचा हलका हात लावला, पाइप सरळ रेषेत दाबला, क्लिप ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत बसवली आणि मग पाइप दोन्ही हातांनी मागे ओढून पाहिला. पाइपचे काम झाले की स्मोक टेस्ट मागा. बंद पाइपांत धूर भरून तो कुठून निघतो हे पाहायला दहा मिनिटे लागतात.

९. ‘स्टेज टू’ बद्दल

डाउनपाइप (टर्बोतून धूर बाहेर नेणारा पाइप), मोठा एअर इनटेक आणि त्यानुसार नवा मॅप असा हा टप्पा. उत्प्रेरक (धूर शुद्ध करणारा भाग) काढलेला डाउनपाइप लावू नका, या बाबतीत मी तडजोड करायला तयार नाही. धुराचा वास मागच्या दुचाकीस्वाराच्या नाकात जातो, प्रदूषण नियमांचा सरळ भंग होतो, आणि त्यातून मिळणारी जादा ताकद या लहान टर्बोवर फारशी नसते. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरचेही तेच. आपल्या शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली घातले आहेत आणि रात्री अकराला गल्लीत झोपलेल्या माणसांच्या बाजूने विचार केला तर त्यात चूक काही नाही. ते पैसे ट्रॅकवरच्या प्रशिक्षणाला द्या.

१०. पहिले हजार किलोमीटर

रीमॅपनंतर वाढीव मॅपवर पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये पूर्ण पाय देऊ नका. कंट्रोल युनिटला फ्युएल ट्रिम जुळवून घेऊ द्या. इंजिन ऑइलचे तापमान ८० अंशांवर गेल्याशिवाय जोर लावू नये, आणि कूलंटचा काटा ९० वर स्थिर झाला म्हणजे ऑइलही तापले असे समजू नये, कारण ऑइल मागाहून तापते. ट्रॅकवरून आल्यावर शेवटचा फेरा सावकाश मारा, म्हणजे टर्बो थंड होतो.

पाचशे किलोमीटरला चाकांचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा, पाइपांच्या क्लिपा हाताने ओढून पाहा, कूलंटच्या रेघेवर नजर टाका. हजाराला एक नवा लॉग घ्या आणि तिसऱ्या टप्प्यातल्या मूळ लॉगशेजारी ठेवून रकान्यामागून रकाना वाचा. प्लग पुन्हा काढून रंग पाहा. इंजिन ऑइल याच वेळी बदला आणि काढलेले ऑइल स्वच्छ पांढऱ्या ट्रेमध्ये घेऊन उन्हात तिरके करा. त्यात चमकणारे कण दिसले, तर वाढीव मॅप काढून गाडी मूळ मॅपवर न्या आणि कण कुठून आले ते सापडेपर्यंत तशीच ठेवा.